नट आवळलेत का?

ज्या दिवशी ते कळलं, त्या दिवशी चष्मेवाले दुकानात एका बाईंच्या चष्म्याची दांडी बसवत होते. स्क्रू इतका बारीक, की चिमट्यातून निसटला तर जमिनीवर हात फिरवत बसावं लागतं. म्हणून फोन वाजला तरी त्यांनी उचलला नाही. आधी स्क्रू बसवला, आवळला, दांडी उघडून मिटून बघितली, चष्मा पुसून बाईंच्या हातात दिला आणि मग फोन घेतला.

फोनवर त्यांच्या बायकोची मोठी बहीण होती. घरात तिला सगळे ताई म्हणत.

"अहो चष्मेवाले, तुमची बायको घरातून निघाली तरी का? मी बसस्टँडवर बसलेय केव्हाची. दुसरा चहा झाला माझा."

"निघाली की! मघाशीच निघाली. वाटेत कुणी भेटलं असेल. तिचं माहीत आहे ना तुम्हाला? गाडीची काच खाली करून गप्पा मारत असेल."

"मारू दे. आली की चांगली खडसावते."

ताईंना ते जमलं नाही. थोड्या वेळाने दुकानात दोन पोलीस आले. त्यातला वयाने मोठा होता तो आधी "बसा" म्हणाला. आपल्याच दुकानात आपल्याला कुणीतरी "बसा" म्हणतंय, हे ऐकलं आणि चष्मेवाल्यांना पुढचं कळलं.

पुलाच्या अलीकडे जो उतार आहे, तिथे गाडीचं पुढचं डावं चाक निखळलं होतं. गाडी वळली ती थेट भिंतीवर गेली. रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चाक मात्र घरंगळत खूप खाली गेलं आणि एका बंद दुकानाच्या पायरीशी आडवं पडलं.

"गाडीचं काम नुकतंच कुठे केलं होतं का?" पोलिसाने विचारलं. "चाकाचे नट आवळलेले नव्हते, असं दिसतंय."

"घरीच केलं," चष्मेवाले म्हणाले. "अंगणात."

एवढं बोलून ते गप्प बसले, आणि त्यानंतर बरेच दिवस गप्पच राहिले. ही गोष्ट त्या गप्प बसण्याची आहे. वाचकहो, तुमच्याही घरी ते असेल. आपल्या सगळ्यांच्याच घरी असतं.

झालं होतं ते असं. बायकोच्या गाडीचे ब्रेक दाबले की किंकाळी फोडायचे. ती म्हणायची, "मी थांबले की सगळा रस्ता वळून बघतो. या वयात बरं वाटतं म्हणा, पण दुरुस्त करून घ्यायला हवेत." गॅरेजवाला आज या, उद्या या करत होता. जावयाला ते कळलं. जावई छापखान्यात मशीन चालवायचा आणि त्याला गाडीची हौस होती. स्वतःच्या गाडीचं बरंचसं काम तो घरीच करायचा. सुटीच्या दिवशी तो नवे ब्रेक पॅड आणि हत्यारांची पेटी घेऊन हजर झाला.

सासूबाई खूश. आल्या-गेल्याला सांगितलं, "जावयाला म्हटलं नाही हो मी, स्वतः आला!"

पुढचं उजवं चाक त्याने नीट केलं. चाक काढलं, पॅड बदलले, चाक लावलं, गाडी खाली घेतली, नट पक्के आवळले. मग डावीकडे आला. पॅड बदलले, चाक चढवलं आणि नट हाताने फिरवून, पान्याने थोडे टेकवून ठेवले. गाडी जॅकवर उचललेली असताना नट एवढेच आवळायचे असतात, कारण चाक हवेत फिरतं. खरा जोर गाडी जमिनीवर आली की लावायचा. आता तेवढंच राहिलं होतं. तेवढ्यात दारातून हाक आली.

"अहो जावईबापू, जेवण गार होतंय!"

"आई, दोनच मिनिटं."

"तुमची दोन मिनिटं मला ठाऊक आहेत. माझी मुलगी सांगते ना मला. आधी जेवा, मग गाडी कुठे पळून जातेय!"

सासूने ताट वाढून उभं राहायचं आणि जावयाने गाडीखाली बसायचं, हे त्या घरात चालण्यासारखं नव्हतं. पाना तिथेच चाकाजवळ ठेवून तो हात धुवायला गेला.

चष्मेवाले अंगणातच होते. ते पाने हातात देण्याचं काम करत होते. त्यांना वाटलं, पोरगा सकाळपासून राबतोय, सुटीचा दिवस घालवलाय, जेवून आल्यावर त्याला पुन्हा वाकायला नको. त्यांनी जॅक उतरवला. पाना, जॅक पुसून डिकीत टाकले. व्हीलकॅप, म्हणजे चाकावरची ती प्लॅस्टिकची झाकणी, तळहाताने दाबून बसवली. ती चटकन बसली. मग अंगण झाडलं. नट पान्याने फिरवलेले त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, म्हणजे ते काम झालं असं त्यांनी धरलं.

जावई जेवून बाहेर आला, तर गाडी चारही चाकांवर उभी, झाकण्या लावलेल्या, अंगण स्वच्छ. बाबांनी नट आवळले, असं तो समजला. क्षणभर त्याच्या मनात आलं की विचारावं. पण ज्या माणसाने जन्मभर केसाएवढे स्क्रू आवळले, त्याला 'नट नीट आवळलेत का' असं जावयाने कसं विचारायचं? चष्मेवाल्यांच्याही मनात आलं होतं, की एकदा विचारावं. पण फुकट राबलेल्या जावयाला 'काम पुरं केलंत का' असं सासऱ्याने कसं विचारायचं? बरं दिसतं का ते?

कुणीच विचारलं नाही. दोघे हसले. सासूबाईंनी जावयाला डबा बांधून दिला.

आणखी एक गोष्ट आहे. त्यानंतर तीन-चार दिवसांनी बायको घरी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "अहो, डाव्या बाजूने टकटक आवाज येतोय गाडीचा."

"नवे पॅड आहेत. बसतील हळूहळू."

"जावयांना विचारायचं का?"

चष्मेवाल्यांनी विचार केला. "त्याला काय वाटेल? एवढं हौसेने केलं बिचाऱ्याने."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "केलेल्या कामाला नावं ठेवल्यासारखं होईल. राहू दे. ताईला आणायला जायचंय तेवढं जाऊन येते, मग बघू."

चष्म्याची दांडी सैल झाली, तर हीच बाई चष्मा काढून नवऱ्यापुढे ठेवायची. "सैल झालाय, बघा," एवढंच म्हणायची. तिथे संकोच नव्हता. गाडीच्या बाबतीत मात्र तिघांनी एकमेकांचं मन जपलं.

लोक भेटायला येऊ लागले. जो येई तो खुर्चीच्या कडेवर बसे आणि खाली बघून म्हणे, "वेळ आली होती. आपल्या हातात काय असतं?" चष्मेवाले मान हलवत. त्या वाक्याने बरं वाटायचं, खोटं कशाला बोला! वेळेने नेलं म्हटलं की कुणाला काही विचारावं लागत नाही आणि कुणाला काही सांगावंही लागत नाही.

पण मुलीला ते वाक्य पटलं नव्हतं. ती स्वतःची गाडी घेऊन बाबांकडे राहायला आली होती. बाबांचं जेवणखाण बघायला आले, असं ती लोकांना सांगायची. खरं कारण वेगळं होतं. तिला नवऱ्याचं तोंड बघायचं नव्हतं.

"एक चाक आवळायचं राहिलं त्याच्याकडून," ती ताटापुढे बसून म्हणायची. "छापखान्यात अक्षर इकडचं तिकडे झालं तर रात्रभर झोपत नाही. आणि इथे माझी आई होती!"

"जाऊ दे, बाळा," चष्मेवाले म्हणायचे.

"कसं जाऊ दे? काम त्याचं होतं. तुम्ही तर बिचारे नुसती आवराआवर केलीत. तुम्हाला काय माहीत?"

यावर चष्मेवाले पाण्याचा पेला उचलायचे. टकटक आवाजाचं त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. रोज ठरवायचे आणि रोज पाणी प्यायचे.

जावई रोज सकाळी कामावर जाताना स्कूटरवरून यायचा. फाटकावर दुधाची पिशवी अडकवायचा आणि बेल न वाजवता निघून जायचा. गाडी चालवणं त्याने सोडलं होतं. तो वाळला होता. मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि तो गेल्याशिवाय दूध आत आणायची नाही.

ताई त्या दिवशी बसस्टँडवरून आल्या त्या परत गेल्या नव्हत्या. बहिणीकडे आठ दिवस राहायचं म्हणून आणलेली बॅग अजून पलंगाखाली होती. आयुष्यभर त्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका होत्या. त्यांचं बोलणं सरळ आणि आवाज मोठा. एका दुपारी शेजारचे गृहस्थ येऊन, वेळ आली होती वगैरे बोलून, चहा घेऊन गेले. त्यांची पाठ वळल्यावर ताई म्हणाल्या, "वेळ नव्हती आली. मी आले होते. बसने. तिची वाट बघत होते."

चष्मेवाल्यांनी सवयीने मान हलवली.

"मान हलवू नका, चष्मेवाले. तुम्ही प्रत्येकापुढे मान हलवता. मला सांगा, नक्की काय झालं होतं?"

चष्मेवाल्यांनी सांगितलं. जॅक, झाकणी, न विचारलेला प्रश्न. आणि टकटक आवाज. शेवटी ताई पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. आणि तिनेही जावयाचं मन राखलं."

"हो."

"आमच्याकडे पोट शिवायच्या आधी मी मोठ्याने विचारायची, रक्त टिपायच्या गॉजच्या घड्या मोजल्या का? एखादी आत तर राहिली नाही? समोर कितीही मोठा सर्जन असो. एकदा एक नवे साहेब भडकले. म्हणाले, 'सिस्टर, माझ्यावर विश्वास नाही?' मी म्हटलं, 'आहे ना, साहेब. विश्वास आहे म्हणून तुमच्या शेजारी उभी आहे. आता मोजा.'"

"मग?"

"मग काय, मोजल्या. बरोबर भरल्या. दुसऱ्या दिवशी मी काही विचारायच्या आधी तेच म्हणाले, 'सिस्टर, मोजा.' अहो, विचारलं म्हणून कुणाचा अपमान होत नाही. न विचारल्याने मात्र काय होतं ते आपण बघतोय." त्या जरा थांबल्या. "माझी बहीण गेली. आता त्या पोरीचा संसारही जायला निघालाय. तुम्ही नशिबाच्या नावावर ढकलून मोकळे झालात, तो पोरगा एकटा सगळं डोक्यावर घेऊन फिरतोय, आणि पोरगी चुकीच्या हिशेबावर नवरा सोडतेय. तुमच्या तोंडाला काय झालंय?"

"ती माझं तोंड बघायची नाही, ताई. आईपाठोपाठ बापही जाईल तिचा."

"जाईल कदाचित," ताई म्हणाल्या. "मी काय सांगू? पण तिचं काय जायचं आणि काय राहायचं, ते तुम्ही ठरवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या गाडीचं मागचं चाक बसलेलं होतं. पंक्चर. तिला ऑफिस होतं.

"गॅरेजवाल्याला फोन करते," ती म्हणाली.

"कशाला? मी बदलतो. स्टेपनी आहे ना?" चष्मेवाले म्हणाले आणि डिकीतून पाना काढून चाकाजवळ बसले. पाना नटावर लावला. जोर न लावताच तो पुन्हा काढून मांडीवर ठेवला. मुलीने बघितलं आणि शेजारी येऊन बसली.

"बाबा, द्या इकडे. नको."

"बाळा, तुझ्या आईने आवाज ऐकला होता."

"कसला आवाज?"

"गाडीचा. डावीकडून टकटक. मला सांगितलं तिने. मी म्हटलं, जावयाला विचारायला नको, त्याला वाईट वाटेल. तीही हो म्हणाली. आणि झाकणी मी लावली. मी लावली म्हणून त्याला नट दिसले नाहीत. मी झाकणी लावली नसती, तर त्याने बाहेर आल्याबरोबर पाना हातात घेतला असता."

मुलगी उभी राहिली. "आणि मी रोज त्याला नावं ठेवत होते, ते तुम्ही ऐकून घेत होता? समोर बसून?"

"हो."

"बाबा!"

ती एवढ्या मोठ्याने ओरडली की ताई धावत पायरीवर आल्या. "इतके दिवस! मी त्याला काय काय म्हणाले, तुम्हाला माहीत आहे? तो एकदाही म्हणाला नाही की झाकणी बाबांनी लावली, मला दिसलं नाही! एकदाही नाही! आणि तुम्ही पाणी पीत बसलात!"

याच वेळी फाटकाशी स्कूटर थांबली. जावई दुधाची पिशवी अडकवून वळणार, तोच ताईंचा आवाज आला, "ओ दूधवाले! आत या. आज दूध हातात द्यायचं."

तो आत आला आणि फाटकाला पाठ लावून उभा राहिला. सासऱ्याच्या हातात पाना, समोर बसलेलं चाक, बायकोचे डोळे लाल. त्याने पिशवी ताईंना दिली, परत स्कूटरकडे गेला आणि तिथून एक लांब दांड्याचा पाना घेऊन आला. नवा कोरा होता.

"हा काय आहे?" ताईंनी विचारलं.

"याच्यावर जोर ठरवता येतो. गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो तेवढा लावायचा. तेवढा जोर लागला की टक् वाजतं." तो खाली बघत म्हणाला. "त्यानंतर घेतला मी. स्कूटरच्या डिकीत घेऊन फिरतो. कशाला ते माहीत नाही."

"बसा," चष्मेवाले म्हणाले आणि बाजूला सरकले. "दोघे मिळून करू."

दोघे खाली बसले. गाडी जमिनीवर असतानाच त्याने नट थोडे सैल केले, मग जॅक लावून चाक काढलं. चाक जिथे टेकतं ती जागा फडक्याने पुसली, गंज खरवडला. मधे गंज किंवा माती राहिली तर ती पुढे झिजते आणि आवळलेला नटही सैल पडतो, हे त्याने न विचारता सांगितलं. चष्मेवाल्यांनी तेलाची बुधली पुढे केली.

"नको, बाबा. नटाला तेल नको. जोराचा अंदाज चुकतो."

"मी नेहमी लावतो."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. सासऱ्याला त्याने आजवर कधी असं अडवलं नव्हतं. पण चष्मेवाल्यांनी बुधली मुकाट मागे ठेवली.

नट त्याने आधी बोटांनी फिरवले. मग पान्याने टेकवले. एक झाला की त्याच्या समोरचा, मग उरलेले समोरासमोरचे, म्हणजे चाक सरळ बसतं. जॅक उतरवला. चष्मेवाल्यांचा हात सवयीने पाना पुसायला पुढे आला आणि अर्ध्यात थांबला. त्यांनी जावयाकडे पाहिलं आणि विचारलं, "नट आवळलेत का?"

"नाही," जावई म्हणाला. "नाही, बाबा. अजून आवळायचेत."

"मग आवळा. मी इथेच आहे."

"आमच्या छापखान्यात," तो नाक पुसत म्हणाला, "मशीन सुरू करायच्या आधी मी ओरडतो, 'हात बाहेर?' समोरचा ओरडतो, 'बाहेर!' मगच बटण. रोज. दिवसभर. तिथे मला कधी लाज वाटली नाही. आणि इथे मी तुम्हाला एक वाक्य विचारलं नाही."

"मीही नाही विचारलं," चष्मेवाले म्हणाले. "आणि तिला आवाज आला, तेही मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमचं एकट्याचं नाही हे. माझंही आहे. आजपर्यंत मी तुम्हाला एकटं ठेवलं, ते तर माझ्या एकट्याचंच आहे."

जावई लहान मुलासारखा रडला. चाकाला टेकून, तेलकट हाताने तोंड झाकून रडला. ताई त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मुलगी पायरीवर जाऊन बसली होती, ती तिथून हलली नाही.

मग त्याने नवा पाना घेतला. एकदा टक् वाजलं. समोरच्या नटाला टक्. तिसऱ्याला टक्. चष्मेवाले म्हणाले, "मी असतो तर दांड्यावर पाय देऊन उभा राहिलो असतो."

"बरेच जण राहतात. पण जास्त आवळला तर बोल्ट ताणला जातो. तोही एक दिवस तुटतो." त्याने शेवटच्या नटावरही पाना लावला आणि थांबला. दम लागला होता त्याला.

"चौथ्याला वाजलं का?"

मुलीने विचारलं होतं. बाबांकडे राहायला आल्यापासून नवऱ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

"नाही," तो म्हणाला. "तू वाजव."

ती आली. पाना त्याच्या हातातून घेतला. तिला जोर पुरेना, म्हणून तिने दोन्ही हात लावले. टक् वाजलं. तिने पाना जमिनीवर ठेवला आणि बाबांकडे बघितलं. त्या बघण्यात माफी नव्हती. पण तिने पाठही फिरवली नाही.

चष्मेवाल्यांनी झाकणी उचलली आणि या वेळी आधी विचारलं, "लावू?"

"नको. पन्नास-एक किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा तपासायचे. नव्याने लावलेलं चाक थोडं बसतं. तपासून झालं की मग झाकणी. मी येईन." मग त्याने बायकोकडे बघून विचारलं, "येऊ ना?"

ती म्हणाली, "तपासायचं तर असतंच ना."

त्याने चारही नट एकदा फडक्याने पुसले. ते उघडे, चकचकीत दिसत होते. ताई म्हणाल्या, "असंच दिसू दे. अर्धं झालेलं काम अर्धंच दिसायला हवं. झाकून ठेवलं की पुरं झाल्यासारखं वाटतं."

वाचकहो, गाडीचं काम घरी करायला काहीच हरकत नाही. हौसेने करा. पण ज्याने नट सोडले त्यानेच ते आवळावेत, आणि मधे कुणी कितीही प्रेमाने जेवायला बोलावलं तरी एक चाक पुरं करूनच उठावं. आवरणाऱ्याने हात लावण्याआधी विचारावं. गाडी आवाज करत असेल, तर ज्याने काम केलं त्याला त्याच दिवशी सांगावं. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या! वाईट वाटलेला माणूस दुसऱ्या दिवशी चहाला येतो. जी गेली ती पुन्हा चहाला येणार नाही. आपण मन जपतो म्हणून प्रश्न गिळतो, आणि मग जे होतं त्याला नशीब म्हणतो. ते नशीब नव्हतं. तो एक प्रश्न होता, तीन माणसांनी न विचारलेला.

चष्मेवाले आता दुकानात गिऱ्हाइकाला चष्मा देताना विचारतात, "सैल वाटतोय का? वाटत असेल तर आत्ता सांगा." भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी वेळ आली होती म्हणालं, तर ते मान हलवत नाहीत. काय झालं ते सांगतात. काही लोक त्यामुळे लवकर उठून जातात.

मुलगी अजून बाबांकडेच आहे. बाबांशी ती कामापुरतं बोलते. जावई रोज दूध हातात देतो आणि पायरीवर बसून चहा घेतो. गाडी ती घेऊन जात नाही, बसने ऑफिसला जाते. त्यामुळे ते पन्नास किलोमीटर झालेले नाहीत. नट पुन्हा तपासायचे राहिले आहेत. झाकणी फळीवर आहे.